शिबा की कारवानी? नागपूर, तिसरा मजला

मनीषनगरी (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीनंतर घरात कुत्रा आणायचं पक्कं झालंय. कोणता, यावर मात्र घरात तंटा आहे. लेक नववीत आहे, तिला शिबा इनू हवा. जपानी, ताठ कानांचा, शेपटीचं वेटोळं पाठीवर टाकून चालणारा. इंटरनेटवर 'डोज' म्हणून गाजला तोच. बायको उदगीरकडची. तिच्या माहेरी शेतात कायम पश्मी असायचे, म्हणजे कारवानी या देशी शिकारी कुत्र्यातलाच झुपकेदार कान-शेपटीचा प्रकार. तिचं म्हणणं, पैसे मोजून कुत्रा आणायचाच असेल तर आपल्या मातीतला कारवानी आण.

मी दोन्हींबद्दल वाचायला बसलो आणि स्वभावाची वर्णनं जवळजवळ सारखीच निघाली. जुनी जात, अंगाने स्वच्छ, परक्यांशी अंतर राखून, आणि हाक ऐकू आली तरी यायचं की नाही ते स्वतः ठरवणार. लॅब्रॅडॉरचा गळेपडूपणा आम्हाला नकोच होता, त्यामुळे इथवर सगळ्यांचं जुळलं.

परिस्थिती अशी: मनीषनगर, तिसरा मजला, टू बीएचके, गॅलरी पश्चिमेला. मी मिहानमध्ये, बायको शाळेत, दिवसभर घरी फक्त आई. वय ७१, गुडघे कुरकुरतात. हॉलमध्ये डेझर्ट कूलर, एसी एकाच बेडरूममध्ये. गावठी घ्या म्हणणारे येतीलच, त्यांचंही ऐकू. पण आधी या दोघांवर बोला.

तर्रीपोहा

शिबा अन् नागपूर? काऊन बाप्पा, त्या मुक्या जिवानं काय घोडं मारलं तुमचं? २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ गेलं होतं इथं. (२०२४ चं ते ५६ धरू नका, यंत्रच बिघडलं होतं, हवामान खात्यानंच सांगितलं.) दोन थरांचा कोट अंगावर घेऊन जन्मलेलं जनावर अन् तुमची गॅलरी पश्चिमेची. आपण एप्रिलपासून डोक्याला दुपट्टा बांधून फिरून राहिलो. कारवानी घ्या. आखूड केस, अंगावर चरबीचा पत्ता नाही, लातूर-सोलापूर-विजापूरच्या उन्हात पिढ्यान्पिढ्या धावलेला. विषय संपला.

टोकियो_रिटर्न

विषय इतक्यात संपत नाही, भाऊ. मी जपानमध्ये नोकरीला होतो आणि इथे धरमपेठेत माझ्या बहिणीकडे शिबा आहे, नागपूरचे उन्हाळे काढलेला. टोकियोचा ऑगस्ट पस्तिशीच्या आसपास असतो, पण घामाने शर्ट अंगाला चिकटलेला सुटत नाही असा दमट. शिबा तिथे राहतोच. मे महिन्यात आमच्याकडे तो पहाटे पाचला खाली जातो, सहाच्या आत वर येतो आणि मग रात्री नऊनंतरच बाहेर पडतो. मधला सगळा वेळ फरशीवर आडवा. दुपारी एकला रस्त्यावर तुमचा कारवानी तरी काय करणार आहे? डांबरावर पाय त्याचेही भाजतात.

मुख्य म्हणजे आकार बघा. शिबा आठ-दहा किलोचा, उंची दीड फुटाच्या आत. कारवानी खांद्यापाशी सव्वादोन फूट आणि वर, वजन पंचविसाच्या आसपास. टू बीएचकेत तो वळला तर टीपॉयवरचा चहा खाली. तुम्ही हवामानावरून कुत्रा निवडताय, घर कोणी मोजायचं?

तर्रीपोहा

सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डन हाय म्हणून जपानी कुत्रा पण पाहिजे, असं दिसून राहिलं.

कंपाउंडर_काका

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली उमर गेली आपली, म्हणून दोघांनाही दोन गोष्टी सांगतो.

उन्हाचं गणित नुसत्या केसांवर चालत नाही. कुत्र्याचं अंग मुळात ३८-३९ अंशाचं. बाहेरची हवा ४५ झाली की अंगातली उष्णता हवेत जायचा मार्गच बंद होतो, मग एकच उपाय उरतो, धापा टाकून तोंडातलं पाणी उडवायचं. मे मधली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे धाप लागू पडते आणि कूलरही काम करतो. फक्त पाणी सतत समोर पाहिजे. खरी पंचाईत जूनमध्ये. पहिल्या एक-दोन सरी पडतात, पारा चाळिशीच्या आगेमागेच असतो आणि हवा ओली. धापा टाकून काही उडत नाही, कूलर लावला तर ओल आणखी वाढते. आमच्याकडे ऊन लागलेली कुत्री त्या पंधरवड्यात जास्त येतात, अन् मालक म्हणतात, "आता तर पाऊस पडला नं." त्या दिवसांत एसी लागतो, शिबाला आधी लागतो. पण म्हणून शिबाचे केस भादरायचे नाहीत हं. तो कोट उन्हापासून कातडी वाचवतो आणि एकदा कापला की पुन्हा नीट येईलच असं नाही.

दुसरी गोष्ट गोचीड. विदर्भात गोचीड हा कुत्र्याचा पहिला वैरी. गोचीड तापाने आठवडाभर खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, तेव्हा लोक दवाखान्यात आणतात. कारवानीच्या अंगावर हात फिरवला की गोचीड बोटाला लागते. शिबाच्या आतल्या लोकरीत ती मुगाच्या दाण्याएवढी फुगेपर्यंत कळत नाही. कानाची पाळी उलटून आतली घडी, मानेखाली पट्ट्याची जागा, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या, शेपटीच्या बुडाशी, रोज बघावं लागतं. आणि शिबा पंजाला हात लावू देत नाही, आरडाओरडा करून इमारत गोळा करतो. तो आवाज एकदा ऐकून घ्या कुठेतरी, मग ठरवा.

टोकियो_रिटर्न

आरडाओरड्याचं खरं आहे. नखं कापायला घेतली की शेजारचे दार वाजवतात. पण लहानपणापासून सवय लावली तर कमी होतं. आणि गोचीडीवर आता महिनाभर पुरणाऱ्या गोळ्या मिळतात की.

कंपाउंडर_काका

मिळतात. दर महिन्याला आठवणीने देणारे किती, ते मला विचारा.

बालाघाटची

कारवानीचा विषय निघाला म्हणून माहेरची माणूस या नात्याने बोलते. वहिनींना उदगीरच्या शेतातला पश्मी आठवतो आहे. तो कुत्रा सकाळी दार उघडलं की बांधावर जाई, दुपारी लिंबाखाली, संध्याकाळी सालगड्याबरोबर परत. त्याला कोणी "फिरायला" नेत नव्हतं, दिवसच त्याच्या मालकीचा होता. पळणं हे त्याचं काम. ससा दिसला की डोळ्यांनी धरायचा आणि पायांनी गाठायचा, यासाठीच धनगर-बंजाऱ्यांनी तो सांभाळला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती, पण कुत्र्याच्या पायांना कोणी कायदा सांगितला नाही. त्याला आता मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर आणून लिफ्टने खाली-वर करायचं?

हवामान मानवेल हो. जागा मानवणार नाही. फ्लॅटवाल्यांना कारवानी देऊच नये अशा मताची मी आहे. "आपल्या मातीतला" म्हणता ना, मग त्याला माती तरी द्या.

हिंगणारोड

ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, अर्धंच बरोबर आहे. माझ्याकडे कारवानी मादी आहे. घराला कंपाउंड आहे, पण ती त्यात किती पळते? मुळीच नाही. तिला लांब पळायला सरळ रिकामी जागा लागते, ती कंपाउंडात नसतेच. आठवड्यातून दोन-तीनदा तारेचं कुंपण असलेल्या एका ओळखीच्या प्लॉटवर सोडतो. चार-पाच मिनिटं अशी सुटते की मान वळवून बघायलाही वेळ मिळत नाही, मग जीभ बाहेर काढून माझ्या गाडीजवळ येऊन उभी. बाकी दिवसभर दिवाणावर झोप. तुमच्या धाग्यातल्या सगळ्यांपेक्षा आळशी प्राणी आहे तो. हाडं वर आलेली असतात म्हणून गादी मात्र जाड लागते, नुसत्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात.

फ्लॅटमध्ये अडचण जागेची कमी, गॅलरीची जास्त. मनीषनगरीजी, तुमच्या कठड्यावर कबुतरं बसतात का? बसतच असतील. कबुतर बसलं की ही कशी होते सांगतो. झोपेतून एकदम उठत नाही. आधी डोळे उघडतात, मग डोकं वर, मान लांब होते, कान मागे चिकटतात आणि एक पुढचा पाय उचललेला तसाच राहतो. तेवढ्यात आवाज दिलात तर दिलात. त्यानंतर तिला तुम्ही नसता, घर नसतं, कठड्यापलीकडे तीन मजले आहेत हेही नसतं. गॅलरीला खालपासून वरपर्यंत जाळी लावल्याशिवाय कारवानी आणू नका. हे शिबाला लागू नाही असं नाही, पण तो एवढी उडी मारत नाही.

आणि पट्टा. कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं. साधा पट्टा कितीही आवळा, ती दोन पावलं मागे सरकते, कान चपटे करते आणि पट्टा रिकामा तुमच्या हातात. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा मिळतो, तोच घ्या. वर्धा रोडच्या दिशेने सुटलेला कारवानी तुम्ही स्कूटीवर गाठाल असं वाटत असेल तर देवाचं नाव घ्या.

मनीषनगरी (धागाकर्ता)

कबुतरं बसतात. जाळीचं लिहून घेतलं. पण सुटल्यावर काय होतं हा मुद्दा दोघांनाही लागू आहे ना? शिबाही हाक मारून येत नाही असंच वाचलंय.

टोकियो_रिटर्न

येत नाही. बहिणीचा शिबा गेटमधून सुटला तेव्हा त्याने आधी आमच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि रस्ता निवडला. पण तो कोपऱ्यावरच्या चाटच्या गाडीपाशी सापडला. छोटा आहे, नाकाने चालतो, थांबत थांबत जातो. कारवानी डोळ्याने चालतो. मला विचाराल तर सुटण्याच्या बाबतीत शिबा परवडतो.

तर्रीपोहा

अन् गल्लीतली कुत्री? मनीषनगरात रात्री दहानंतर दर कोपऱ्यावर पाच-सहाची गँग असते. तुमचा शिबा शेपूट वर, कान ताठ, छाती पुढे करून चालणार. त्याला वाटून राहिलं मी बरा दिसतो, अन् गँगला वाटते हा भांडायला आला. आठ किलोचं पोट्टं ते, उचलून घेऊन पळाल तुम्ही. त्यात शिबा दुसऱ्या कुत्र्यापुढे माघार घेत नाही म्हणतात.

टोकियो_रिटर्न

आठ किलो असल्यामुळे उचलून तरी घेता येतो. तुमचा पंचवीस किलोचा उचला बघू.

प्रयोगवही

दोन्ही बाजू "प्राचीन जात" हे शिक्कामोर्तब झाल्यासारखं धरून चालल्या आहेत, म्हणून थोडं थांबवतो. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात शिबा, अकिता, चाऊ चाऊ, बसेंजी, अफगाण, सालुकी अशा काही मोजक्या जाती बाकीच्या युरोपीय जातींपासून वेगळ्या, लांडग्याच्या जास्त जवळच्या गटात पडल्या. "शिबा जगातल्या सर्वांत जुन्या जातींपैकी" हे वाक्य तिथून सगळीकडे गेलं. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की या जाती वेगळ्या दिसतात त्या वयामुळे असं नाही. बेटांवर, वाळवंटात, डोंगरात त्या बाकीच्यांत मिसळल्या नाहीत म्हणून वेगळ्या राहिल्या. शिवाय आजचा शिबा दुसऱ्या महायुद्धानंतर, उपासमार आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगातून वाचलेल्या थोड्या कुत्र्यांपासून पुन्हा उभा केलेला आहे. सॅनइन, मिनो आणि शिन्शू अशा तीन वाणांची सरमिसळ आहे ती. जपानने त्याला १९३६ मध्येच नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं होतं, तरी ही वेळ आली.

कारवानी त्या ८५ मध्ये नव्हताच. त्याचं नातं सालुकी-ताझी या पश्चिम-मध्य आशियातल्या शिकारी कुत्र्यांकडे लावतात, काफिल्यांबरोबर आला म्हणतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची निवडक पैदास केली आणि पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड. आजही केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर कारवान हाउंड आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. पिल्लू घेताना कागद दाखवले तर हे ठाऊक असू द्या, नाहीतर दोन वेगळ्या जाती समजून बसाल.

तर प्राचीनतेसाठी कुत्रा घेऊ नका. दोन्हींतला कोणीही तुमच्या आईंच्या गुडघ्यांपेक्षा जुना असल्याने तुम्हाला काही फरक पडणार नाही.

देशीच_बरी

मला अपेक्षाच होती की इथवर कोणी गावठीचं नाव काढणार नाही. स्वतंत्र बुद्धीचा, आखूड केसांचा, ऊन सोसणारा, मध्यम आकाराचा, स्वच्छ, घर राखणारा. धागाकर्त्याने जी यादी दिली आहे ती खालच्या गल्लीत बसली आहे आणि फुकट आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर त्यांना दत्तक घेऊन घरी न्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही भागाला स्थगिती दिली, पण ज्यांना कुत्रा आणायचाच आहे त्यांनी तो सल्ला का ऐकू नये? शिबासाठी लाखावर मोजणार, तेही कुठून आलं त्याचा पत्ता नसलेल्या पिल्लासाठी. २०१६ मध्ये केंद्राने विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आणले, मग इथे जाहिरातीत इतके शिबा येतात कुठून, कोणी विचारलं का?

मनीषनगरी_ज्युनिअर

मी ती लेक. बाबांच्या मोबाईलवर हा धागा सापडला.

दोन मुद्दे. एक, डोजवाला जो शिबा होता, काबोसु, तिला २००८ मध्ये दत्तक घेतलं होतं. पिल्लं काढण्याचा एक कारखाना बंद पडला, तिथली कुत्री निवाऱ्यात आली, त्यातली ती. २०२४ मध्ये वारली. त्यामुळे शिबा हवा म्हणजे लाख रुपयांचं पिल्लूच हवं असं मी म्हटलेलं नाही. कोणाला सांभाळता येत नसलेला मोठा शिबा मिळाला तरी चालेल. बंगळूर-मुंबईचे लोक हौसेने घेतात आणि मग देऊन टाकतात, तशा पोस्ट मी रोज बघते.

दोन, सकाळी पाचला उठणार कोण, हे अजून कोणी विचारलं नाहीये. मी उठणार आहे. बाबा नाही उठणार.

तर्रीपोहा

पोट्टी वकील होणार हो तुमची.

देशीच_बरी

शाब्बास. मग शिबाच का, तेवढं सांग. मोठा देशी कुत्राही दत्तक मिळतो.

मनीषनगरी_ज्युनिअर

कारण मला तो आवडतो. कुत्रा आवडून आणू नये का? पंधरा वर्षं सांभाळायचा आहे.

बालाघाटची

हे उत्तर मला या धाग्यात सगळ्यांत प्रामाणिक वाटलं, आणि म्हणूनच जरा विरोध करते. बाळा, पंधरा वर्षांतली तू घरी किती असशील? तीन वर्षांनी बारावी, मग पुणे नाहीतर आणखी कुठे. नंतरची सगळी वर्षं पट्टा तुझ्या आईच्या नाहीतर आजीच्या हातात. तुझ्या आईला कारवानी कळतो, तिच्या हाताला त्याची सवय आहे. स्वतंत्र बुद्धीच्या कुत्र्याला माणूस ओळखीचं लागतं, नवशिक्याचं काम नाही ते. मी आधी फ्लॅटला विरोध केला, तो अजून आहे. पण या दोघांतूनच निवडायचं असेल तर तुझ्या आईचं ऐक.

टोकियो_रिटर्न

हा युक्तिवाद उलटा फिरतो, ताई. लेक पुण्याला गेल्यावर ७१ वर्षांच्या आजी पंचवीस किलोच्या, मांजर दिसलं की झेप घेणाऱ्या कुत्र्याला धरणार? एक हिसका आणि खुबा मोडला. शिबाने हिसका दिला तर फार तर पट्टा सुटेल. घरात म्हातारं माणूस असेल तर वजन हा पहिला प्रश्न आहे, बाकी मागाहून.

हिंगणारोड

इथे टोकियोभाऊंशी सहमत व्हावं लागतं, नाइलाज आहे. माझी मादी रस्त्यावर शांत चालते, पण मांजर आडवं गेलं की मीही दोन पावलं फरफटतो. काकूंनी कारवानीला रस्त्यावर नेऊच नये. घरात मात्र शिबापेक्षा तोच बरा. कारवानी माणसाच्या पायात घोटाळत नाही, वाट सोडून बाजूला होतो. शिबा ताटलीजवळ कोणी गेलं की गुरकावतो असं त्याच्या मालकांकडूनच ऐकलंय. म्हातारं माणूस सवयीने ताटली उचलायला वाकलं तर?

टोकियो_रिटर्न

बहिणीच्या शिबाने पहिल्या वर्षी केलं तसं. मग जेवताना त्याच्या ताटलीत वरून काहीतरी चांगलं टाकायचं, असं महिनोन्महिने केलं, तेव्हा थांबलं. लपवत नाही.

कंपाउंडर_काका

आणखी एक राहिलं, ते कारवानी घेणाऱ्यांसाठी. ही साईटहाउंड, म्हणजे डोळ्यांनी शिकार धरणारी मंडळी, अंगावर चरबी नाही, आणि भुलीची काही औषधं, थायोपेंटोनसारखी, त्यांच्या अंगातून फार सावकाश उतरतात. नसबंदीला नेलं की डॉक्टरांना आधीच सांगा, कारवानी आहे. इथे लॅब आणि स्पिट्झ बघायची सवय, बारीक कुत्रा बघून "उपाशी दिसतो, आधी वजन वाढवा" म्हणणारेही भेटतील. फासळ्या दिसणं त्याचं नॉर्मल आहे. बाकी जात काटक, आजारपण कमी. शिबाला कातडीच्या ॲलर्जीचा त्रास फार, अन् आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो वाढतो. खाजवून खाजवून पोट लाल. पैसा कुठे जातो विचाराल तर पिल्लाच्या किमतीत नाही, तिथे जातो.

पिल्लू कुठून घ्यावं तेही सांगतो. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, ते कारवानीची पैदास करतात आणि पिल्लं देतात. नागपूरपासून लांब पडतं. पण इथे आसपास "शुद्ध मुधोळ" म्हणून जे विकतात, त्यात ग्रेहाउंडची भेसळ किती ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रयोगवही

जाता जाता: २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने "धोकादायक" म्हणून तेवीस जातींची यादी राज्यांना पाठवली होती, तिच्यात अकिता होता. शिबा नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढे रद्द केलं. तरी सोसायटीत एखादा जुना फॉरवर्ड घेऊन "जपानी कुत्र्यांवर बंदी आहे" म्हणत येणारच. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर वारलेल्या मालकाची वाट बघणारा हाचिको अकिता होता, त्याच्या गोष्टी ऐकवून शिबा विकणारेही आहेत, त्यांच्यापासूनही सांभाळा. आणि सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, छापून ठेवा.

देशीच_बरी

म्हणजे एकाला एसी, गोळ्या आणि ॲलर्जीचा डॉक्टर, दुसऱ्याला जाळी, प्लॉट आणि खास पट्टा. आणि गावठीला पोळी. मी थांबते.

बालाघाटची

गावठीलाही फिरवावं लागतं, ताई. तोही हाक मारून येत नाही.

मनीषनगरी (धागाकर्ता)

सगळं घरात वाचून दाखवलं. आईने एवढंच विचारलं की वीज गेली, लिफ्ट बंद पडली आणि कुत्र्याला खाली न्यायचं असलं तर मी काय करायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जातेच. आठ किलोचा असो की पंचवीसचा, तिला तीन जिने उतरणं जमणार नाही. म्हणजे गॅलरीत मातीचा ट्रे ठेवून सवय लावावी लागेल, आणि ते पिल्लापेक्षा मोठ्या कुत्र्याला शिकवणं अवघड की सोपं, कोणी केलंय का?

जात अजून ठरलेली नाही. बायको कारवानीवर ठाम आहे, लेक शिबावर. जाळीवाल्याला मात्र बोलावलंय, ती दोघांनाही लागणार.

टोकियो_रिटर्न

ट्रेची सवय शिबाला लवकर लागते. स्वतःची जागा घाण करणं त्याला आवडतच नाही, बहिणीचा तर फारसं न शिकवता शिकला. मोठा दत्तक घेतलात तरी जमेल.

हिंगणारोड

माझी मादी गॅलरीत करणारच नाही, आठ-आठ तास धरून ठेवते. त्या मुद्द्यावर शिबाला एक गुण द्या. पण कोणाचंच ऐकून ठरवू नका. रविवारी सकाळी सहाला हिंगणा रोडला या, तिला सोडणार आहे त्या प्लॉटवर. वहिनींना आणि लेकीला दोघींना आणा. वहिनींची आठवण आणि प्रत्यक्ष कुत्रा जुळतात का ते कळेल, आणि लेकीला पाचला उठता येतं का तेही.

मनीषनगरी_ज्युनिअर

येते. पण त्याच दिवशी संध्याकाळी धरमपेठेत शिबा बघायला पण जायचं. टोकियो काका, चालेल का?

टोकियो_रिटर्न

चालेल. नखं कापायची राहिलीच आहेत, तेव्हाच या.